बाळाच्या हृदयातल्या मुख्य धमन्या उलट जोडलेल्या (टीजीए): बाळंतपण कुठे करावं, ऑपरेशन कधी?

बकुळफूल
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे.

माझ्या वहिनीला बाविसावा आठवडा चालू आहे. अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये सोनोग्राफीवाल्या मॅडमना हृदयातून निघणाऱ्या नळ्यांची शंका आली, म्हणून मुंबईला फीटल इकोला (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) पाठवलं. निदान: टीजीए. महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांच्या जागा उलट आहेत. बाकी बाळाची वाढ, वजन, पाणी सगळं ठीक. तिथल्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण घरी पोचेपर्यंत दादाच्या डोक्यात 'ऑपरेशन' आणि 'लगेच' हे दोनच शब्द उरले होते.

दादा-वहिनी चिपळूणला असतात. पहिलं बाळंतपण, त्यामुळे तिच्या माहेरी, कराडला करायचं ठरलं होतं. आता दादा म्हणतो मुंबईला खोली घेऊन राहू. आईचं म्हणणं, बाळ होऊ दे, मग बघू, आत्तापासून घर का हलवायचं. आत्याबाई तर ग्रहणात वहिनीने भाजी चिरली होती त्यावर अडून बसल्यात. वहिनी कोणाशीच बोलत नाहीये.

कोणाच्या घरात असं बाळ झालंय का? बाळंतपण कुठे केलंत, ऑपरेशन कितव्या दिवशी झालं, आणि पुढे मूल कसं आहे? जे असेल ते खरं सांगा.

रिकामटेकडा
घाबरू नका ताई. माझ्या चुलतभावाला जन्मतः हार्टला होल होतं, चौथ्या वर्षापर्यंत आपोआप बुजलं. आता पोलीस भरतीची तयारी करतोय. थोडं थांबून बघा, देव आहे.

डॉ. खरवस
रिकामटेकडा, भावाला शुभेच्छा, पण इथे थांबून बघायचं नाही. होल आणि टीजीए या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. मी नवजात शिशू विभागात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेहमीच्या हृदयात उजव्या बाजूने अशुद्ध रक्त फुप्फुसात जातं, तिथून डाव्या बाजूला येतं आणि महाधमनीतून शरीरभर फिरतं. एकच साखळी. टीजीएमध्ये या साखळीचे दोन तुकडे होतात. अशुद्ध रक्त शरीरातून येतं आणि परत शरीरातच जातं. शुद्ध रक्त फुप्फुसातून येतं आणि परत फुप्फुसातच. दोन रिंगरोड, मध्ये जोडरस्ता नाही.

पोटात असताना बाळाला याचा त्रास नसतो, कारण ऑक्सिजन वारेतून येतो. म्हणून ही बाळं जन्मतात तेव्हा बहुतेकदा छान वजनाची, गुटगुटीत असतात. जन्मल्यावर काही तास ते काही दिवस दोन जोडरस्ते उघडे असतात: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र आणि डक्टस नावाची छोटी नळी. निसर्गनियमाने ते बंद व्हायला लागतात आणि बाळ निळं पडतं. म्हणजे ज्या होलला सगळे घाबरतात, ते या बाळाला हवंच असतं.

डक्टस उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावतात. त्याने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून व्हेंटिलेटर हाताशी लागतो. वरचं छिद्र अपुरं असेल तर बेंबीतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून फुगा आत नेतात, फुगवतात आणि झटक्याने मागे ओढून छिद्र मोठं करतात. ही युक्ती फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी 1966 मध्ये आणली. हा झाला तात्पुरता उपाय. खरं ऑपरेशन म्हणजे आर्टेरियल स्विच: दोन्ही धमन्या कापून आपापल्या योग्य जागी जोडायच्या. खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र नसेल तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं. कारण डावा कप्पा फक्त फुप्फुसाला रक्त ढकलत असतो, तिथला दाब जन्मानंतर उतरतो, आणि काम हलकं झालं की त्या कप्प्याचा स्नायू पातळ होत जातो. नंतर अख्ख्या शरीराचा भार तो पेलू शकत नाही.

तेव्हा कराडही नको, चिपळूणही नको. जिथे नवजात बाळाची हृदयशस्त्रक्रिया होते त्याच आवारात, किंवा तिथून हाकेच्या अंतरावर बाळंतपण. सिझेरियन निव्वळ याच कारणासाठी लागत नाही.

चहाटळ
जोडरस्ता नाही म्हणजे आमचा मुंबई-गोवा महामार्गच की! फरक एवढाच की डॉक्टर दोन-तीन आठवड्यांत काम पुरं करतात.

बकुळफूल
@चहाटळ, बऱ्याच दिवसांनी हसले. दादाला वाचून दाखवलं, तोही हसला.
डॉक्टरसाहेब, खूप आभार. मग आठव्या महिन्यात जायचं की कळा सुरू झाल्यावर?

डॉ. खरवस
कळा सुरू झाल्यावर परशुराम घाटात अडकायची हौस असेल तर कळा सुरू झाल्यावर. एरवी छत्तीसाव्या-सदतिसाव्या आठवड्याला मुक्काम हलवा. आधी एकदा जाऊन तिथल्या प्रसूतितज्ज्ञांकडे नाव नोंदवा.

घाटमाथा
आमचा मुलगा याच आजाराचा. आता शाळेत जातो, फुटबॉल खेळतो आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करतो.

आम्हाला पोटात असताना कळलं नव्हतं. सोनोग्राफी दोनदा झाली होती, दोन्ही रिपोर्टांत 'चार कप्पे नॉर्मल'. पुढे सर्जननी सांगितलं, टीजीएत चार कप्पे नॉर्मलच दिसतात, गडबड असते वरून निघणाऱ्या नळ्यांत. तिकडे मशीन फिरवून बघितलं तरच सापडते. तुमच्या सोनोग्राफीवाल्या मॅडमना पेढे द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, याची नखं बघ. मला काही दिसेना. बाळ सावळं, आणि आजी म्हणत होती जन्मतः सगळीच अशी असतात. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी पायाला सॅच्युरेशनचा (रक्तातला ऑक्सिजन मोजणारा) चिमटा लावला, आकडा साठीत. नाकाला ऑक्सिजन लावला तरी आकडा हलेना. त्यांनी ऑक्सिजन लावून वाट बघत बसण्याऐवजी 'हे हृदयाचं आहे' म्हणून तिथल्या तिथे फोन फिरवला, त्यावर पोरगं वाचलं. अ‍ॅम्ब्युलन्सची कथा मात्र सांगण्यासारखी नाही. प्रोस्टाग्लँडिन चालू, आणि रस्त्यात सिरिंज पंपाची बॅटरी उतरलेली. सोबतच्या डॉक्टरपोराने घड्याळ लावून हाताने औषध सोडलं. त्यामुळे डॉ. खरवस बाळंतपण तिथेच करा म्हणतात त्याला माझं शंभरदा अनुमोदन.

फुगेवाली प्रक्रिया त्याच रात्री, पलंगावरच इको लावून केली. ऑपरेशन आठवड्याच्या आत. बाहेर काढलं तेव्हा छाती उघडीच ठेवली होती. सूज असते, लगेच बंद केली तर हृदयावर दाब येतो, म्हणून वर पारदर्शक पट्टी. त्या पट्टीखाली हृदय हलताना दिसत होतं. कोणी आधी सांगितलं नव्हतं, मी भिंतीला धरून खाली बसलो. तुमच्या दादाला हे आधीच सांगून ठेवा.

स्पष्टवक्ता
कटू वाटेल, पण कोणीतरी विचारायलाच हवं. बाविसावा आठवडा आहे, गर्भपाताच्या कायद्याची मुदत चोवीस आठवड्यांची. पहिलंच मूल, तरुण जोडपं. एवढे हाल करण्यापेक्षा पर्याय विचारात घेतला का? भावनेच्या भरात सगळे 'देव आहे' म्हणतात, पैसे आणि रात्री मात्र त्या दोघांच्या जातात.

अर्धा_कप
मागितलाय सल्ला कशाचा, देताय कशाचा!

डॉ. खरवस
अर्धा_कप, प्रश्न गैर नाही, विचारायची पद्धत जरा रांगडी आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. तेव्हा घड्याळाच्या धाकाने निर्णय घेऊ नये. आणि तो आईबापांचा, त्यातही वहिनींचा.

पण निर्णय करताना योग्य माहिती हवी. हृदयाच्या व्यंगांमध्ये साधा टीजीए हा दुरुस्त होणाऱ्यांपैकी आहे. अनुभवी केंद्रात ऑपरेशन झालेल्या शंभरपैकी पंचाण्णवाहून अधिक बाळं वाचतात, आणि ऑपरेशननंतर हृदयाची रचना नेहमीच्या माणसासारखीच होते. ज्या बाळाचा डावा कप्पाच तयार झालेला नाही, त्याच्या बाबतीत हा संवाद फार वेगळा असतो. तिथे टप्प्याटप्प्याने तीन ऑपरेशनं लागतात आणि तरीही हृदय एकाच कप्प्यावर चालतं. या दोघांना एकाच पारड्यात टाकू नका.

निशिगंधा_वाशी
पहिल्यांदाच लिहितेय. मी स्वतः टीजीए आहे. वय चाळिशीच्या पुढे.

माझं ऑपरेशन 1980 च्या दशकात झालं, तेव्हा आपल्याकडे ही धमन्यांची अदलाबदल करत नसत. माझं झालंय सेनिंग. त्यात धमन्यांना हात लावत नाहीत, वरच्या कप्प्यांमध्ये आतून पडदे शिवून रक्ताची दिशा फिरवतात. रक्त बरोबर ठिकाणी जातं, पण शरीरभर रक्त ढकलायचं काम उजव्या कप्प्याकडेच राहतं. तो त्यासाठी बनलेला नाही. तिशीत ठोके चुकायला लागले, आता पेसमेकर आहे, जिना चढताना मध्ये थांबते. तरी नोकरी केली, लग्न केलं, एक मुलगी आहे. बाळंतपणात हृदयरोगतज्ज्ञ बाहेर बसून होते.

हे घाबरवायला नाही सांगत. आत्ताच्या बाळांचं ऑपरेशन माझ्यापेक्षा खूप चांगलं आहे. फक्त 'एकदा ऑपरेशन झालं की विषय संपला' हे कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या आईबाबांना तसंच सांगितलं होतं आणि कॉलेजात जाईपर्यंत मला कोणी तपासायला नेलं नाही.

पोष्टमन
निशिगंधा, प्रतिसाद साठवून ठेवतोय.

अवांतर, पण राहवत नाही. सेनिंग हे स्टॉकहोमचे सर्जन, त्यांनी ही पद्धत 1959 मध्ये आधी मांडली. टोरंटोच्या मस्टर्ड यांनी 1963 मध्ये वेगळी तऱ्हा काढली. धमन्याच सरळ बदलाव्यात हे सगळ्यांना सुचत होतं, घोडं अडत होतं हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या दोन बारीक धमन्यांपाशी, म्हणजे कोरोनरी. त्या महाधमनीच्या बुंध्यातून निघतात. महाधमनी हलवली की त्यांनाही मुळासकट उचलून नव्या जागी लावायला हवं, आणि नवजात बाळात त्यांची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर. 1975 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत अदिब जातेने यांनी ते जमवलं. लेबनॉनहून आलेल्या आईबापांचा हा मुलगा अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या शापुरी गावात जन्मला. पुढे ब्राझीलचा आरोग्यमंत्री झाला. नवजात बाळांत हे ऑपरेशन नेमाने करायला 1983 पासून बोस्टनच्या कास्टानेडा यांनी सुरुवात केली.

त्याही मागे गेलं तर बाल्टिमोर, 29 नोव्हेंबर 1944. निळ्या बाळावरचं पहिलं गाजलेलं ऑपरेशन, ब्लॅलॉक-टॉसिग शंट. आजार वेगळा, टेट्रालॉजी नावाचा दुसरा जन्मजात हृदयदोष. ब्लॅलॉक सर्जन, हेलन टॉसिग बालहृदयतज्ज्ञ. टॉसिगबाईंना ऐकू कमी येई, म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय तपासत. आणि तिसरे व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, कॉलेजशिक्षण नाही, पगारपत्रकावर पद सफाई कामगाराचं. कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया बसवली त्यांनी. ऑपरेशनच्या वेळी स्टुलावर उभे राहून ब्लॅलॉकच्या खांद्यावरून सूचना देत होते. विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली 1976 मध्ये!

चहाटळ
पोष्टमन पत्र वाटायला निघाले की बाल्टिमोरला जाऊन येतात. पण व्हिव्हियन थॉमसांसाठी माफ.

थेम्सकाठचा
सर्जनच्या गौरवगाथा ठीक, पण केंद्र कसं निवडायचं हे कोणी बोललंच नाही. आमच्या इथे इंग्लंडात ब्रिस्टल प्रकरण झालं ते याच ऑपरेशनवरून. तिथल्या मृत्यूंचं प्रमाण बाकी केंद्रांपेक्षा जास्त आहे हे भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन आकडे घेऊन सांगत होते, वरिष्ठ ऐकत नव्हते. शेवटी चौकशी आयोग बसला. 2001 च्या अहवालात निष्कर्ष: 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 बाळं जास्तीची दगावली, म्हणजे सर्वसाधारण केंद्रात ती दगावली नसती. त्यानंतर इकडे प्रत्येक बालहृदय केंद्राचे निकाल जाहीर होतात, कोणीही बघू शकतो.

आपल्याकडे ती सोय नसेल तर तोंडाने विचारा. वर्षाला नवजात बाळांची किती स्विच ऑपरेशनं करता? त्यातली किती घरी जातात? रात्री अतिदक्षता विभागात बालहृदयाचा माणूस असतो का? नाव मोठं बघू नका, हे विचारा.

स्पष्टवक्ता
विचारून बघा, अपमान करून हाकलतात आपल्याकडे. इंग्लंडचे सल्ले इंग्लंडात.

घाटमाथा
नाही हो. मी विचारलं होतं, सर्जननी शांतपणे आकडे सांगितले, न वाचलेल्या बाळांबद्दलही सांगितलं. चिडले ते दुसऱ्या एका ठिकाणचे. मग आम्ही तिथे थांबलोच नाही.

आजीबाईंचा_बटवा
बकुळ, आत्याबाईंचं मनावर घेऊ नको. आमच्या थोरल्या जाऊबाई ग्रहणात दारं लावून कोपऱ्यात बसून होत्या, तरी त्यांच्या नातवाला हृदयाचा त्रास निघालाच. वहिनीला कोणीतरी स्पष्ट सांगा की तिच्या हातून काही झालेलं नाही.

डॉ. खरवस
आजी, मुद्दा लाखमोलाचा. हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच घडून झालेलं असतं, कित्येकींना तोवर दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. दर हजार बाळांत आठ ते दहांच्या हृदयात काही ना काही फरक असतो. आईला आधीपासून मधुमेह असेल तर धोका वाढतो. विळी आणि भाजी कुठल्याच यादीत नाही. पुढच्या बाळाला हेच होण्याची शक्यताही शंभरात एक-दोन एवढीच.

निळी_शाई
मी बालहृदय अतिदक्षता विभागात नर्स आहे. डॉक्टर सांगत नाहीत त्या गोष्टी सांगते.

बाळ जन्मल्यावर आईच्या कुशीत जास्त वेळ मिळणार नाही. वहिनीला पहिल्या दिवसापासून दर तीन तासांनी दूध काढायला बसवा, बाळ पीत नसलं तरी. पहिल्यांदा चमचाभर चीक येईल, तोही द्या, आम्ही नळीतून थेंबथेंब देतो. डबीवर वेळ लिहा. दूध कमी पडलं तर मिल्क बँकेची चौकशी करा. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या सायन हॉस्पिटलात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता बऱ्याच ठिकाणी आहेत.

रक्तदाते तयार ठेवा. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटर रक्त असतं, ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणारं हार्ट-लंग मशीन भरायलाच बाहेरचं रक्त लागतं. ऐन वेळी दाते कमी पडले असं होऊ नये.

आणि आत भेटायला आलात की पायाचा तळवा धरा. बाकी सगळीकडे नळ्या असतात, म्हणून लोक हातच लावत नाहीत.

पोष्टमन
पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष येतात, कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्या पालघरातूनच झाली. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात आत्ताच जाऊन भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही विचारा, दोन्हीकडे कागद लागतात आणि कागदांना वेळ लागतो. रेशनकार्ड, दोघांचं आधार, फीटल इकोचा रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स एका फाईलीत. मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायक न्यासही उपचारांना मदत करतात. खारघरचं श्री सत्य साई संजीवनी मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत करतं, पण जन्मल्या दिवशीच बाळ घेतील का, हे आधी फोन करून विचारा.

बकुळफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वहिनीला धागा दिला. रात्री सगळा वाचला तिने, निशिगंधाताईंचा प्रतिसाद परत परत. सकाळी स्वतःहून म्हणाली, मुंबईला जायचं, आणि कराडची आई तिकडे येऊन राहील. आत्याबाईंना तिनेच सांगितलं, भाजी तुम्ही चिरत जा.

थेम्सकाठचा, तुमचे प्रश्न दादाने कागदावर उतरवलेत. दोन ठिकाणी विचारून मग ठरवतो म्हणतोय. निशिगंधाताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, वहिनीला तुमच्याशी बोलायचं आहे.

निशिगंधा_वाशी
नंबर पाठवलाय. संध्याकाळी सातनंतर कधीही.

नवीनच_आलोय
धागा भरकटवतोय, माफ करा. आमची मुलगी नऊ दिवसांची. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले मांडीतली नाडी जरा कमी लागते, आठवड्याने दाखवा. कालपासून दूध ओढत नाही, पिताना घाम येतो, श्वास जोरात चाललाय. हेही धमन्यांचंच असू शकतं का? उद्या सोमवार, ओपीडी आहे.

डॉ. खरवस
उद्या नाही, आत्ता. जिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि इको दोन्ही आहे तिथे थेट कॅज्युअल्टीत जा. तिथे हेच शब्द सांगा: मांडीतली नाडी लागत नाही, कोआर्क्टेशनची शंका आहे, चारही हातापायांचं बीपी बघा, प्रोस्टाग्लँडिन तयार ठेवा. यात महाधमनी एका जागी अरुंद असते आणि डक्टस मिटली की शरीराच्या खालच्या भागाचं रक्त तुटतं. वेळेत गेलात तर दुरुस्त होतं. कुठल्या गावात आहात ते लिहा, मी फोन लावतो.

नवीनच_आलोय
बार्शी. गाडी काढतोय.

डॉ. खरवस
सोलापूरला चला. व्यनित नंबर टाकलाय, गाडीत बसल्यावर फोन करा. तोवर मी तिथे बोलून ठेवतो.

निळी_शाई
रस्त्यात दूध पाजायचा आग्रह धरू नका, दमेल. अंग गार पडू देऊ नका, आईच्या छातीशी धरून वर शाल घ्या. डिस्चार्जचा कागद बरोबर घ्या.